चार इंचांतला एक टाका

बाहीच्या माथ्यावरचा शेवटचा टाका तिने सुईच्या टोकाने उचलला, त्यातून लोकरीचं टोक मागे काढलं, आणि मग काय – एकदा टोक हाती लागलं की बाकीचं आपोआप… सर्र… एक ओळ, दुसरी ओळ, शेवाळी रंगाची लोकर कुरळी होऊन तिच्या मांडीवर साचत गेली. विणायला चार दिवस लागतात, उसवायला चहा निवेपर्यंतचा वेळ. उसवण्यात एक सुख असतं, हे ती कुणाजवळ कबूल करणार नव्हती. वाईट एवढंच वाटत होतं की बाही चांगली होती. नीटस, एकसारखी, कुठे टाका ढिला नाही की ओढलेला नाही… वन्संची बाही. आणि तरी नेहमीसारखीच अर्धा इंच तोकडी. मुंढ्यात बसवायला घेतली की मेली पुरायचीच नाही.

ही सव्विसावी. नऊ महिन्यांत सव्वीस बाह्या तिने उसवल्या होत्या, हिच्याखेरीज सगळ्या नव्याने विणल्या होत्या आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. सकाळी साडेसात ते नऊ ही उसवायची वेळ. वन्सं, म्हणजे तिची थोरली नणंद, दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहायच्या; पस्तीस वर्षं एका दवाखान्यात औषधं मोजून द्यायचं काम करून निवृत्त झालेल्या, आणि आता रोज दहाच्या ठोक्याला चष्म्याची पेटी, जेवणाचा डबा आणि आपल्या सुया घेऊन दारात हजर. त्या यायच्या आत उसवलेली लोकर किटलीच्या वाफेवर धरायची, कुरळेपणा जावा म्हणून खाली कुलूप बांधून मागच्या खोलीत दाराआड टांगायची, आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणायचं – या वन्सं, बसा. इतकी वर्षं संसार करून तिला एवढं नाटक जमत नसतं तरच नवल.

"झाली का तुझी चोरी?" नवरा आंघोळ करून बाहेर आला होता आणि तिनेच विणलेला स्वेटर डोक्यातून घालत होता. घरात हे ठाऊक असलेला तो एकटाच.

"चोरी कसली? दुरुस्ती म्हणा."

"ताईला सांगून टाक सरळ."

"आज सांगणारच आहे."

"आणि हा बघ." त्याने स्वेटर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ताणून दाखवला. "यात अजून एक भाडेकरू सहज राहील."

"पोट सुटेल तेव्हा उपकार मानाल माझे," ती म्हणाली, आणि तो हसत कामावर गेला.

आज सांगणार होती, हे खरंच. वाक्यसुद्धा तयार होतं. वाक्य तयार असल्याशिवाय ती कुणाशी बोलायला जात नसे. लग्नाआधी जात असे, मग अनुभवाने शहाणी झाली. 'वन्सं, यंदा बटणं आणि अस्तराचं सगळं तुम्ही बघाल का? तुमच्यासारखी सफाई माझ्या हातात नाही.' म्हणजे बाह्या तुम्ही विणू नका. चार महिन्यांवर वर्षाची मोठी विक्री आली होती. मोठ्या हॉलमध्ये टेबल मिळालं होतं, खिडकीजवळचं, दारातून आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाईल असं. कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे, गरम भांडी धरायचे जाड हातमोजे, किटलीच्या टोप्या, हे सगळं शिवून तयार होतं. पण लोक येणार ते स्वेटरांसाठी. पंधरा स्वेटर म्हणजे तीस बाह्या. तीस बाह्या वन्संनी विणायच्या, तीस तिने उसवायच्या आणि तीस परत विणायच्या – दोन हातांत हे बसत नव्हतं. आणि तोकड्या बाहीचा स्वेटर तिच्या टेबलावरून जाणं, ते तर त्याहून बसत नव्हतं.

वन्संना लागणार. ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्या खोलीतल्या विक्रीच्या काचेच्या कपाटासमोर कुणी गिऱ्हाईक उभं राहून म्हणालं, काय सुरेख स्वेटर आहे हो, की कोपऱ्यातल्या खुर्चीतून मान वर न करता आवाज यायचा – "बाह्या माझ्या." बस, एवढंच. नवरा नाही, मूल नाही, नोकरी संपली, आई गेली… आणि बाह्या माझ्या. त्या बाह्या काढून घ्यायच्या, हे काही गोड काम नव्हतं. पण कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि घरातली कडू कामं करायची तिला सवय होती.

मुळात हे होणार हे तिला आधीच कळलं होतं. हात ओळखण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. दुपारी शिकायला येणाऱ्या बायकांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, मला तुमचा वेतभर तुकडा द्या, मी तुमच्या घरचं सांगते. मन आखडलं की हात आखडतो, मन सैल झालं की हात सैल सुटतो. तोंड खोटं बोलेल, हात बोलत नाही. एकीचा तुकडा बघून तिने विचारलं होतं, "घरी पाहुणे आहेत का हो?" आणि ती बाई तोंडात बोट घालून बघतच राहिली, दीर-जाऊ महिनाभर मुक्काम ठोकून होते. म्हणून नऊ महिन्यांपूर्वी वन्संची बाही पहिल्यांदा मुंढ्यात पुरेना, तेव्हा निदान करायला तिला क्षणही लागला नाही. आई जाऊन महिना झालेला, घरात बोलायला भिंती… आखडल्या बिचाऱ्या. आतल्या आत घट्ट झाल्या. तिने ती बाही उसवली, तितकेच टाके, तितक्याच ओळी घालून स्वतः विणली आणि मुंढ्यात लावून पाहिली. बसली! अशी बसली की जणू तिथेच उगवली होती. आणखी काय पुरावा हवा?

मागच्या खोलीत कुलूप बांधलेली लोकर हळूहळू सरळ होत होती. ही सासूबाईंची खोली. जिथे औषधांच्या बाटल्या असायच्या तिथे आता लोकरीचे गुंडे रंगवार लावलेले होते, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. अकरा वर्षं सासूबाई इथे पडून होत्या. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा आपटून हाक मारायच्या – टण्, टण् – कधी पाण्यासाठी, कधी कूस बदलायला, कधी नुसतंच, कुणी आहे ना हे बघायला. अकरा वर्षं ती या दाराबाहेर स्टुलावर बसून विणत राहिली. साऱ्या नात्यात तिचं नाव होतं, करावं तर हिने करावं. त्या गेल्या तेव्हा ती ढसढसा रडली, तीन दिवस, पोटच्या लेकीहून जास्त. लोकांनी वन्संच्या कोरड्या डोळ्यांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. त्याचा तिला थोडा अभिमान होता… थोडा, म्हणजे बऱ्यापैकी.

दहाला वन्सं आल्या. चपला भिंतीशी जुळवून ठेवल्या, चष्मा बदलला, खुर्ची खिडकीकडे वळवली.

"वहिनी, शेवाळी संपली माझ्याकडची. दुसऱ्या बाहीला गुंडा दे."

"देते. वन्सं, मी काय म्हणत होते…"

"म्हण."

वाक्य ओठांवर आलं. यंदा बटणं आणि अस्तराचं… आणि दाराची घंटा वाजली.

दातांची डॉक्टरीणबाई होती, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली. दोन पेशंटांच्या मधे पळत आलेली. तिने पिशवीतून एक करडा स्वेटर काढून टेबलावर पसरला. कोपरं विरलेली, एक बटण वेगळं.

"ओळखलंत?"

ओळखलंत म्हणे! तिने नुसता पाठीवरून तळवा फिरवला. "सहा वर्षं झाली. तुमच्या बाबांचा. पाठ माझी."

"बाह्या माझ्या," खिडकीजवळून आवाज आला.

"मला हुबेहूब असाच दुसरा हवाय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बाबांना हल्ली सगळं आठवत नाही, पण हा आठवतो. मी दोन नवे आणले. एक अंगाला लावून म्हणाले, हा शेजाऱ्याचा आहे, त्याला देऊन ये. दुसरा तर फेकलाच. हा धुवायला टाकला की दोन दिवस जेवत नाहीत नीट. आता हा टिकेल असं वाटत नाही. सांगा, जमेल? अगदी तसाच? थोडा इकडेतिकडे झाला तर त्यांना कळतं हो. बाकी काही कळत नाही, पण हे कळतं."

बोलता बोलता तिचा आवाज जरा कातर झाला. दात उपटणारी बाई, रोज दहा जण तिच्यासमोर ओरडत असतील… पण बापाचं आलं की माणूस वेगळं होतं.

"अगदी तसाच होणार," ती म्हणाली. "काळजीच करू नका. सहा वर्षांनी विणला काय, सोळा वर्षांनी विणला काय, हात तोच असतो. चार इंचांत चोवीस टाके. माझेही आणि वन्संचेही. म्हणून तर आमची पाठ आणि बाही जुळते. थांबा, दाखवतेच तुम्हाला."

दाखवायची काही गरज नव्हती. डॉक्टरीणबाईने मागितलंही नव्हतं. पण दाखवण्यात जी मजा आहे ती नुसतं सांगण्यात थोडीच आहे. एरवी तिच्या कामात पट्टी कधी येतच नसे. पट्टी आणि टेप शिंप्याने वापरावी. अंगाची मापं घेतली की तिचं डोकं इंचाचे टाके आणि टाक्यांच्या ओळी करून टाकायचं, इंचाला सहा टाके, इंचाला आठ ओळी, आणि मग विणताना फक्त ओळी मोजायच्या. ओळी मोजून विणणारीचं माप चुकत नाही, हे ती दर नव्या बाईला सांगायची. आज तिने खणातून स्टीलची पट्टी काढली. करड्या पाठीवर आडवी ठेवली आणि सुईच्या टोकाने मोजत गेली. "…बावीस, तेवीस, चोवीस. बघा. आता ही या आठवड्यात विणलेली." शेवाळी पाठ पुढे ओढली. लोकर तीच, जाडी तीच, सुया त्याच दहा नंबरच्या. "…एकवीस, बावीस, तेवीस –"

चार इंच संपले.

तिने परत मोजलं, मनात. तेवीस. जागा बदलून पट्टी खाली ठेवली. तेवीस.

"चोवीस," ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, नेहमीच्या आवाजात.

"वा," डॉक्टरीणबाई म्हणाली, घड्याळ बघितलं, स्वेटर ठेवून गेली. खिडकीजवळ वन्संच्या सुया चालू होत्या, टक टक, टक टक, एकाच चालीत. पस्तीस वर्षं गोळ्या मोजलेल्या बाईसमोर आपण खोटा आकडा बोललो, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

एक टाका. चार इंचांत एकच. एक टाका म्हणजे काय, काहीच नाही… पण छातीच्या घेरात तो टाका ठिकठिकाणी साठत जातो आणि इंच-दीड इंच होऊन बसतो. आणि तिच्या सैल टाक्याची ओळही आपोआप उंच होणार. साठ-सत्तर ओळींच्या मुंढ्यात ते किती झालं? अर्धा इंच. तिचं डोकं हिशेब नको म्हणताना करून मोकळं झालं. अर्धा इंच.

छे. जुना स्वेटर आटला असेल. सहा वर्षं धुऊन धुऊन लोकर आवळते, त्यात काय. हे सुचताच तिला हायसं वाटलं, अगदी मोठ्याने हसावंसं वाटलं, उगाच जीव टांगणीला लावला. दुपारी वन्सं डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या तशी तिने करड्या स्वेटराची बाही पट्टीखाली घेतली. चोवीस. मग वन्संच्या टोपलीतली नवी बाही, दुसऱ्या एका स्वेटराची, परवाच संपलेली, पाणी न लागलेली. चोवीस. नवी बाही जुन्या बाहीवर ठेवली, कडेला कड. ओळ ओळीवर बसली, टाका टाक्यावर. आटायचंच होतं तर बाह्याही आटल्या असत्या की. स्वेटराची पाठ तेवढी आटते आणि बाह्या नाही, असं कुठल्या धुण्यात होतं?

चुकून नऊ नंबरची, म्हणजे जाड, सुई घेतली असेल. तिने सुयांची जाडी मोजायची भोकांची पट्टी काढून सुई घातली. दहा नंबर. नेमकी दहा.

ती बसली. समोर पसरलेली शेवाळी पाठ, तिची स्वतःची, आता तिला परक्या बाईने विणल्यासारखी दिसू लागली… आणि ती बाई वाईट विणत नव्हती, उलट टाका कसा भरदार, मोकळा. 'यंदाचे स्वेटर कसे ऐसपैस झालेत हो,' असं तीन गिऱ्हाइकं म्हणाली होती आणि तिने ते कौतुक म्हणून घेतलं होतं. नवऱ्याचा भाडेकरू! आणि तिने परत विणलेल्या बाह्या मुंढ्यात बसत होत्या, बसणारच होत्या. सैल हाताच्या पाठीला सैल हाताची बाही. सव्वीस बाह्या… सव्वीस बरोबर बाह्या एका चुकीच्या पाठीसाठी उसवल्या. मी! अख्ख्या गावाच्या हातांची परीक्षा घेणारी मी. लाज वाटली तिला, कानापर्यंत गरम झालं. आणि लाजेच्या पाठोपाठ, तिला ठाऊक होतं, ते दुसरं येणार होतं, तिनेच शंभर बायकांना शिकवलेलं. मन सैल झालं की हात सैल सुटतो. हात खोटं बोलत नाही. केव्हापासून सुटला? नऊ महिने. सासूबाई जाऊन दहा.

आठवायचं नव्हतं, पण आठवणींना कोण दार लावणार. सगळे पाहुणे गेल्यानंतरची पहिली सकाळ. ती सहाला जागी झाली, अंग आपोआप उठून बसलं, कान दाराकडे… आणि काही नाही. चमचा वाजला नाही. सात वाजले तरी वाजला नाही. तिने चहा केला, आणि तो उभ्याने, अर्धा सांडत, निवलेला घेण्याऐवजी खुर्चीत बसून घेतला, गरम, अख्खा कप, तळापर्यंत. मग दुसरा केला. आणि दुसरा पिताना ती रडली. त्या रडण्याला तिने दुःख म्हटलं. घरात दुःखच होतं, दुसरं काही असायची सोय नव्हती, तेव्हा जे आलं त्याला तेच नाव दिलं. त्याच दिवशी तिने एक नवी पाठ घातली, आणि विणता विणता दुपार कधी झाली ते कळलं नाही – अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं नाही. ते सुख होतं. कुणी मेल्यावर होऊ नये तसलं, पण सुखच होतं.

डबा उघडल्याचा आवाज आला, नळ वाहिल्याचा. तिने शेवाळी लोकर घेतली, दहा नंबरच्या सुयांवर तीस टाके घातले आणि दोरा बोटाला एक वेढा जास्त देऊन विणायला घेतलं. घट्ट विणणं काय अवघड आहे! चार ओळी, सहा ओळी. टाके आवळून यायला लागले, दात एकमेकांवर बसले, खांदे वर गेले, आणि सातव्या ओळीला तिच्या लक्षात आलं की तिचा कान मागच्या खोलीकडे लागला आहे. ती ऐकत होती. तिथे लोकरीच्या गुंड्यांशिवाय कुणी नव्हतं आणि ती ऐकत होती… आत्ता वाजेल, आता वाजेल. म्हणजे चोवीस टाके ते हे होते. ज्याला ती इतकी वर्षं माझा हात, माझा हात म्हणत आली तो कान दुसऱ्या खोलीत ठेवून विणणारीचा हात होता. मग त्याआधीचा? लग्नाआधीचा, बिनस्टुलाचा? त्या हाताचं विणलेलं घरात काहीच उरलं नव्हतं. किती टाके पडायचे तेव्हा, हे सांगायलाही कुणी नव्हतं.

तिने ते टाके सुईवरून ओढून काढले, उसवले, आणि खणातून अकरा नंबरच्या सुया काढल्या. एक नंबर बारीक. सैल हाताच्या बाईला द्यायचं हे पहिलं औषध, ती स्वतःच देत आलेली. हाताला बोलू नये, सुई बदलावी. खांदे सोडून, दात सोडून, तिने वेतभर तुकडा विणला. पट्टी ठेवली. चोवीस.

झालं तर. डॉक्टरीणबाईच्या बाबांना त्यांचा स्वेटर मिळणार होता. पंधरा स्वेटर, तीस बाह्या, तीसच्या तीस वन्संच्या, एकही उसवावी लागणार नव्हती. सकाळचं कडू वाक्य बोलायची गरजच उरली नव्हती, आणि नव्या सुयांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. सगळं इतकं सरळ सुटलं की तिने बसल्या बसल्या बगळ्यासारखी मान ताणून आळस दिला.

चारला चहा झाला. वन्संनी कप दोन्ही हातांत धरला, घोट घेतला, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"सकाळपासून काहीतरी बोलायचंय तुला."

"छे हो. काही नाही."

"बाह्यांचं ना?"

तिने विणणं पुन्हा हातात घेतलं. तिच्याकडे याला वाक्य नव्हतं.

"काठ संपला की पुढच्या ओळीत मी एक उलटा टाका घालते, अगदी शिवणीच्या कडेला," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्यात प्रत्येक पुडीवर माझी खूण असायची, कुणी दिली ते कळावं म्हणून. ती सवय गेली नाही. कपाटातल्या स्वेटरांत माझी खूण नसते गं हल्ली."

सव्वीस बाह्या तिने उसवल्या होत्या, आणि तो टाका तिला एकदाही दिसला नव्हता.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" वन्संनी कप खाली ठेवला. "आधी राग आला. खूप आला, खोटं का सांगू. दोन दिवस येणारसुद्धा नव्हते. मग म्हटलं, आई गेली. अकरा वर्षं ही बाई त्या दारात बसली, आता हातांनी करायचं काय? मी सुटीच्या दिवशी यायचे, तासभर बसायचे आणि जायचे. केलंस तू. मला तर नीट रडूसुद्धा आलं नाही. कुणाला रडून बरं वाटतं, हिला उसवून वाटत असेल. म्हटलं, उसवू दे. माझ्या बाह्यांनी तेवढं दुःख हलकं होत असेल तर होऊ दे."

तिला वन्संकडे बघवेना. नऊ महिने ही बाई चार-चार दिवस खपून बाही विणत होती, ती उसवली जाणार हे माहीत असून, एक टाका इकडचा तिकडे न करता. आणि आपण म्हणत होतो, आखडल्या बिचाऱ्या. तिला रडू येईलसं वाटलं, आणि या रडण्याला काय म्हणायचं याबद्दल या वेळी तिच्या मनात शंका नव्हती. ते प्रेम होतं, आणि थोडी शरम.

आता सोपं होतं सगळं. नुसती मान डोलवायची. हो वन्सं, तसंच होतं काहीतरी… आणि ते दुःख, वन्संनी इतक्या मायेने तिच्यासाठी जपून ठेवलेलं, घ्यायचं आणि अंगावर घालायचं. बेतलेलं होतं, बसलंही असतं. कारण दुसरं सांगायचं म्हणजे, माझा हात सैल झालाय. चार शब्दांची तर गोष्ट, विणकामातली साधी तक्रार. पण समोर वन्सं होत्या. हात सैल सुटला म्हणजे काय, हे त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं, शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर, शब्दन् शब्द. त्यांना पुढचं सांगावं लागणार नव्हतं. तुमची आई गेली आणि मी सुटले, हे त्यांना टाक्यांतच वाचता येणार होतं.

तिने हातांकडे पाहिलं. बोलणं चालू असताना ते विणतच होते. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. दोरा बोटावरून अलगद जात होता, कुठे ओढ नाही, ताण नाही, खांदे खाली, कान आपल्या जागी. चांगला हात होता. नऊ महिने तिने त्याला ओळख दिली नव्हती, त्याचं पाप दुसऱ्याच्या बाहीवर ढकललं होतं, आणि तो आपला निमूट मोकळा विणत राहिला होता. याला परत स्टुलावर बसवणं तिच्याने होणार नव्हतं. वन्संना वाईट वाटू नये म्हणूनसुद्धा नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "मी आज सुई बदलली. अकरा नंबर घेतली."

वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग हात पुढे करून तिचा वेतभर तुकडा मांडीवर घेतला, अंगठ्याने सपाट केला आणि ओठ हलवत मोजू लागल्या. मोजून झालं तरी तुकडा हातातच राहिला.

"तू तर दहावर विणायचीस," त्या म्हणाल्या. "आता अकरा का गं?"

बाहेरच्या उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत होता, उत्तराची वाट बघणारा, आईसारख्या नाकाचा. तिने तोंड उघडलं. पुढे काय येणार आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती तयार वाक्यावाचून कुणाकडे तरी बघत होती, आणि तिला काही आवरून धरावंसं वाटत नव्हतं.